तिसऱ्या पाण्याचा तिखूर

चंदे, पाहुणे आधी तिच्याकडंच गेले. गोंदियाहून पांढऱ्या गाडीत आले, टेशनाजवळच्या पानठेल्यावर नाव विचारलं ते माझं, ठेलेवाल्यानं बोट दाखवलं ते माझ्या घराकडं, अन् गाडी उभी राहिली ती माझ्या जावेच्या, सुलोचनेच्या दारात. कारण काय, तर रस्त्यावरून तिचं घर आधी लागते. चाळीस वर्षांपासून आधीच लागून राहिलं आहे. टपालवाला आधी तिच्याकडं, बांगडीवाली आधी तिच्याकडं, लग्नपत्रिका आधी तिच्याकडं. माझ्याकडं येईपर्यंत पत्रिकेवरचं कुंकू उडून गेलेलं असते. दोघा भावांच्या वाटणीच्या वेळी मी खुशालच्या बाबांले म्हटलं होतं, रस्त्याकडची बाजू घ्या. ते म्हणाले, मागं विहीर आहे. आता बसली आहे विहीर घेऊन.

हे लिहून टाकलं, छाती मोकळी झाली, आता रीतीनं लिहिते. सौ. चंदाबाईले दरेकसाहून थोरल्या बहिणीचा, नंदाचा, पोटभर आशीर्वाद. तुझा पाय आता कसा आहे? जावईबापूंची साखर वाढली असं ऐकलं, त्यांले म्हणावं चहा सोडू नका, फक्त दुसऱ्याच्या घरचा सोडा. इकडं आम्ही सारे ठीक आहो. खुशालही खुशाल आहे, त्याची बायको माहेरी गेली आहे म्हणून जास्तच. आचल नववीत गेली, माझ्याहून बोटभर उंच झाली. हे पत्र मी तिच्या वहीचं मधलं पान काढून लिहून राहिली आहे (मधलं काढलं की पुढचं-मागचं सुटत नाही, ती अक्कल मले तिसरीतच आली होती, म्हणून पुढं शिकली नाही). तू म्हणशील फोन काऊन नाही केला. फोनवर मले ऐकू येत नाही, म्हणून पोट्टी तो मोठ्यानं बोलाचं बटण दाबून देते, अन् माझ्या अन् सुलोचनेच्या मधात फक्त कुडाची भिंत आहे. काही गोष्टी कागदावरच बऱ्या.

तर पाहुणे. मॅडमचं नाव उर्वशी. दिसाले कोवळी पोट्टी, पण कॉलेजात शिकवते. संग एक सर होते, ते बोलत काहीच नव्हते, नुसते लिहून राहिले होते. मी "बसा" म्हटलं तेही लिहिलं असेल. ते आले होते तिखुरासाठी, आपल्या जंगली गड्ड्यांच्या त्या पांढऱ्या पिठासाठी. आचलनं शाळेच्या प्रदर्शनात उभं राहून सांगितलं होतं की माझी आजी तीन पाण्यांचा तिखूर वेगवेगळा काढते, असं गोंदिया जिल्ह्यात कोणाले येत नाही. (हे तिले कोणी सांगितलं ते विचारू नको. हिवाळ्याचे दिवस होते, शेकोटी होती, पोट्टी मांडीजवळ बसली होती, माणूस काहीही सांगते.) ते त्या मॅडमच्या कानावर गेलं अन् त्या गाडी घेऊन आल्या. पण गेल्या कोणाकडं? मी कुंपणाजवळ वालाच्या शेंगा तोडत होती. शेंगा मागच्याच आठवड्यात संपल्या होत्या, तरी तोडत होती. सुलोचनेनं चहा दिला, चिवडा दिला, पाट दिला, पंखा लावला. अन् डब्यातून तिखुराची पुडी काढून हातात देऊन मोकळी झाली. माझ्याकडं आले तेव्हा म्हणतात, चहा झाला. चंदे, आलेल्या माणसानं "चहा झाला" म्हणणं म्हणजे तुझी गरज नाही म्हणणं आहे. मी त्यांले जेवू घातलं. साडेदहा वाजता.

मॅडम लय गोड समजावून सांगे. तिखुराचं पांढरं पीठ आपल्याले एक दिसते, पण त्यात लहान-मोठे दाणे असतात, इतके बारीक की डोळ्याले कळत नाहीत. मोठा दाणा पाण्यात लवकर खाली बसते, लहान दाणा तरंगत राहते अन् उशिरा बसते. दाणे आकारानं वेगळे केले की प्रत्येकाचा गुण वेगळा निघते. कोणाची खळ घट्ट, कोणाची पातळ, कोणता लवकर शिजते, कोणता बाळाच्या पोटाले हलका. मोठमोठ्या मशीननं ते करतात, पण जुन्या बाया नुसत्या पाण्यानं कसं करत होत्या ते पाहाले त्या गावोगाव फिरून राहिल्या आहेत. मी मनात म्हटलं, अवं, हे तर आमची आई सांगे. पहिल्या पाण्याचा वडीले, दुसऱ्याचा शिऱ्याले, तिसऱ्याचा लेकराच्या पेजेले. आईजवळ मशीन नव्हतं एवढंच. अन् मॅडमजवळ आमची आई नव्हती.

मग मॅडमनं विचारलं, "आजी, तुमच्याकडं तिन्ही पाण्यांचा वेगळा ठेवलेला आहे का?" अन् माझ्या आधी सुलोचना बोलली. ती त्यांच्या मागंमागं माझ्या अंगणात आली होती, हात कमरेवर, जशी काही गाडीतूनच उतरली. म्हणते, "मोठ्या बाईले कुठं धीर! त्या दूध विरजलं तरी घंट्या-घंट्याले बोट घालून पाहतात, लागलं का म्हणून." सारे हसले. आचलही हसली. मी म्हटलं, "हो तर, आहे ना! म्हणजे होईल. आठ दिवस द्या." जीभ आहे, चंदे, घसरली.

दुसऱ्या दिवशी खुशालनं जंगलातून टोपलीभर तिखुराचे गड्डे खोदून आणले. धुतले, सोलले, किसले. दोन दिवस किसत होती, बोटांची साल गेली, लुगड्याले सारा तिखुराचा वास. जुन्या पातळातून गाळलं अन् पितळेचे तीन गंज मांडले, आईसारखे एका रांगेत. पहिल्या गंजात गढूळ पाणी ओतायचं, एक सूप धान पाखडून होईपर्यंत थांबायचं, तेवढ्यात जो तळाशी बसला तो पहिल्या पाण्याचा. वरचं पाणी हलक्या हातानं दुसऱ्या गंजात. मग पुन्हा थांबायचं. मग तिसऱ्यात, दुसऱ्या दिवशी ऊन ओसरीवर येईपर्यंत. (तिसऱ्या गंजाचं खाली लिहीन, आठवण राहिली तर.) वाळवलं, कुटलं, पुड्या बांधल्या. मले अक्षरं बारीक लिहिता येत नाहीत म्हणून दोरे लावले: लाल दोरा पहिल्या पाण्याले, पिवळा दुसऱ्याले, पांढरा तिसऱ्याले. अन् बांधून झाल्यावर पाहते तर काय, तीन पुड्या! पाहुण्याच्या हातात तीन वस्तू आपल्यात कोणी देते का? पोळी वाढतानाही आपण तीन वाढत नाही, तीन तिगाडा काम बिगाडा. म्हणून पांढऱ्या दोऱ्याची आणखी एक केली. चार झाल्या, शुभ झालं, खुशालजवळ गोंदियाले पाठवून दिल्या.

या सोमवारी पाहुणे पुन्हा आले. गाडी यावेळीही तिच्याच दारात थांबली, पण मी हुशार, मी आधीच तिच्या दारात जाऊन बसली होती. मॅडमनं कागद काढले. चंदे, मशीन त्या पिठाचा डोंगर काढते. खरंच डोंगर, कागदावर रेघेनं काढलेला, प्रत्येक पुडीचा वेगळा. लाल दोऱ्याचा डोंगर म्हशीच्या पाठीसारखा पसरट, पिवळ्याचा त्याच्याच जवळ, जरासा अलीकडं. पण पांढऱ्याचा! उभा, नेटका, टोकदार, सारे दाणे एकाच मापाचे, जशी बोटानं निवडून धानाची रास लावावी. मॅडमनं पांढऱ्या दोऱ्याच्या दोन्ही पुड्यांचे कागद एकावर एक ठेवून दाराच्या उजेडात धरले, तर दोन डोंगरांचा एकच डोंगर झाला. म्हणतात, "आजी, दोन वेळा केला तरी केसाचाही फरक नाही! असा हात मी कुठंच पाहिला नाही." त्यांले वाटलं मी दोन खेपा केल्या. आता तिनाच्या अपशकुनाचं त्यांले कसं सांगू? मी लाजली. अन् लाजलेल्या माणसाले खरं बोलणं सुचत नाही.

आचलनं माझा हात धरला होता. मॅडमनं तिले एका नळीत डोळा लावून पाहाले सांगितलं, तशी ओरडली, "आजी, तुझ्या तिखुरात गोटेच गोटे दिसून राहिले!" मलेही दाखवलं. मले माझीच पापणी दिसली, पण मी "वा" म्हटलं. पोट्टी म्हणते मीही पुढं हेच शिकीन, आजीच्या हाताचं मशीननं मोजीन. चंदे, मागच्या दोन वर्षांत पहिल्यांदा ती मोबाईल खाली ठेवून माझ्या तोंडाकडं पाहत होती. माझ्या अंगावरून मोरपीस फिरलं. असं वाटलं की आता सुलोचनेच्या घराची गाय जरी सोन्याचं शेण टाकू लागली तरी मी तिकडं पाहणार नाही.

तेवढ्यात मॅडमनं आणखी एक कागद काढला. तो सुलोचनेच्या पुडीचा होता. तोही त्या पांढऱ्या दोऱ्याच्या दोन कागदांवर ठेवला, पुन्हा उजेडात धरला. तोच डोंगर! तेच टोक, तोच उतार. मॅडमले आनंद मावेना. "दोघी जावांचा हात अगदी एक! म्हणजे ही या घराची परंपरा आहे. कोणी शिकवलं तुम्हाला?" मी सुलोचनेकडं पाहिलं. सुलोचनेनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं, अन् माझं तर आधीच पळालं होतं. मग ती म्हणते, "आमच्या सासूबाईनं." अन् मी म्हटलं, "हो तर, सासूबाईनंच."

जमुनाबाईनं! ज्या सासूनं जन्मात तिखुराले हात लावला नाही, पांढरा चिखल म्हणे अन् नाक मुरडे, माझ्या पहिल्या सणाले आईनं पाठवलेल्या तिखुराच्या वड्या जिनं शेजारच्या कोंबड्यांले टाकल्या, तिचं नाव त्या सरांनी वहीत लिहिलं. तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या तोंडून शब्द फुटला. म्हणाले, "आडनाव?"

आता ते पुस्तिका छापणार आहेत. त्याच्याआधी एकदा साऱ्यांसमोर करून दाखवायचं, मॅडम फोटो काढतील, तिन्ही गंजांतला तिखूर तिथंच मापतील, आचलच्या शाळेच्या बाईही येणार आहेत. एक दिवस काढायचा अन् दुसऱ्या सकाळी तिसरा गंज उघडायचा, म्हणून मुक्काम आहे, अन् मुक्काम माझ्याकडं, ते मी तिथंच पक्कं करून घेतलं. कोणाच्या अंगणात करायचं हे निघालं तर सुलोचना स्वतः म्हणते, "मोठ्या बाईकडंच ठेवा, त्यांच्याकडं विहीर आहे." चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्या विहिरीचं नाव घेतलं. असा मान तिनं फुकट सोडला तेव्हाच मी समजली की तिलेही करून दाखवाची भीती आहे.

बाकी सारं छान. लीलाधरले आशीर्वाद. सून बरी वागते का? वागत नसली तरी कळव. खुशाल उद्या तुमच्या अर्जुनीले बियाण्याच्या कामानं येऊन राहिला आहे, त्याच्याच हाती हे पत्र देते.

तुझी थोरली बहीण
नंदा

ता. क. तिसऱ्या गंजाचं राहिलं. तिसरा गंज मी घरामागं सांदवाडीत, वासराच्या खुंट्याजवळ ठेवला होता. पहिल्या घंट्याले जाऊन पाहिलं, गढूळ. दुसऱ्या घंट्याले बोट घातलं, गढूळ. बोट घातलं की खाली बसलेलंही वर येते हे मले माहीत आहे, पण बोट ऐकत नाही. चार-पाच वेळा असं झाल्यावर राग आला अन् मी तो तसाच उघडा सोडून दिला. वासरानं पिऊन टाकला. तळही चाटला. मग मी तू संक्रांतीले पाठवलेली तिखुराची पिशवी उघडली. पांढऱ्या दोऱ्याच्या दोन्ही पुड्या तुझ्या आहेत, चंदे. एका पिशवीतल्या दोन पुड्या सारख्या निघतील नाही तर काय. लाल अन् पिवळी माझी होती. त्यांच्याबद्दल मॅडम इतकंच म्हणाल्या की "या दोन जरा मिसळल्यासारख्या वाटतात."

दुसरी ता. क. आता तू मले एक सांग. माझ्या पुड्या तुझ्या होत्या. मग सुलोचनेची पुडी माझ्या पुड्यांसारखी कशी निघाली? माणूस खोटं बोलते, डोंगर बोलत नाही. संक्रांतीनंतर लीलाधर आला होता, त्यानं गाडी तिच्या अंगणात लावली, सावली आहे म्हणे. जानेवारीत सावली कायले पाहिजे होती त्याले? पिशव्या दोन होत्या ना? मले अर्धा किलो आला, मी मोजला होता. तिले किती दिला? ती तुझी कोण? मागच्या साली तुझा पाय मोडला तेव्हा ती दोन गाड्या बदलून तुले पाहाले आली होती अन् मी आली नाही, हे मले माहीत आहे. माझ्याकडं धानकापणी होती. तिच्याकडंही होती, तेही मले माहीत आहे. तरी. सख्खी मी आहो. दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता, पण कॉलेजच्या मशीननं सांगितलं, तेही तिच्याच दारात, तिच्याच पंख्याखाली.

तिसरी ता. क. हे पत्र खरं म्हणजे यासाठी आहे. तू पुढच्या बुधवारी ये. सकाळच्या गाडीनं गोंदिया, तिथून पॅसेंजरनं दरेकसा. टेशनावरून रस्त्यानं येऊ नको, मागच्या पांदणीनं विहिरीकडून ये, म्हणजे आधी माझं घर लागते. जन्मात एकदा कोणी तरी आधी माझ्याकडं यावं. मले आईनं हे कधी शिकवलंच नाही, तुले माहीत आहे. मी जवळ बसली की म्हणे, "नंदाले पाणी बसू देता येत नाही, चंदीले बोलवा." मी बकऱ्यांमागं जावो अन् तू गंजाजवळ बसो. सासूचा, जावेचा हेवा मी उगाच करते, तो वरवरचा आहे. खरा हेवा मी त्या गंजाजवळच्या तुझ्या जागेचा केला, साठ वर्षं, अन् तुले कधी कळू दिला नाही. पहिलं पाणी सूपभर धान पाखडेपर्यंत, ते मी बकऱ्यांतून पाहिलं होतं. पण दुसऱ्या पाण्याले आई काय शिजेपर्यंत थांबे? तुरीची डाळ की नुसता भात? मी भात धरला होता, तिथंच चुकलं असं वाटते.

दोन दिवसांत मले शिकव. मले जमलं तर तू पाहुणी म्हणून ओसरीवर बस, पान खा. नाही जमलं तर साऱ्यांसमोर तुझ्या हातात गंज देईन अन् आचलले माझ्या तोंडानं सांगीन की ही माझी धाकटी बहीण, हात हिचा आहे. पोट्टी काय म्हणायचं ते म्हणो. आईचं नाव मात्र दोन्हीकडून लिहवून घ्यायचं. त्या सरांले म्हणू, जमुनाबाई खोडा, दुलारी लिहा. सुलोचना काही बोलणार नाही, तिची पुडीही तुझीच आहे.

येताना तिखूर आणू नको. आणलाच तर एकच पिशवी आण.

चौथी ता. क. (तीन ठेवायच्या नाहीत म्हणून.) पाकीट मी माझ्या पहिल्या पाण्याच्या तिखुराची खळ करून चिकटवलं आहे. वाटेत उघडलेलं दिसलं तर खुशालवर शंका घेऊ नको, माझ्या हातचं आहे ते. अन् दिवस चुकू नको: पाहुणे पुढच्या शुक्रवारी सकाळी दहाले येणार. मॅडमनं जाताना गाडीची काच खाली करून दोनदा सांगितलं, शुक्रवार, शुक्रवार. सांगितलं ते सुलोचनेले, पण मले इकडं कुंपणापर्यंत ऐकू आलं.